सातव्या वाफ्याची नोंद

जूनमध्ये इथं साडेचारलाच फटफटतं.
किकापूच्या वळणावर धुकं,
दूध उतू जाता जाता थांबावं तसं.
मी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन
बटाट्याच्या ओळीत उकिडवी.
भुंगेरे पिवळे, पाठीवर काळ्या दहा रेघा,
शाळेच्या वहीसारखे आखलेले.
एकेक उचलायचा, बुडवायचा.
पानाच्या पाठीला केशरी अंडी दिसली
की अंगठ्यानं चिरडायची.
अंगठा जुलैपर्यंत केशरीच राहतो.
याला सेंद्रिय म्हणतात.

ड्युइट एकोणीस वर्षांचा. एप्रिलमध्ये आला
तेव्हा त्याला वाटलेलं, शेतावर शांतता असते.
आता कोळपं मारताना
तणांना नावानिशी शिव्या घालतो:
चाकवत, घोळ, रानमाठ.
मागच्या शनिवारी बाजारात
शेजारच्या टेबलावर पा झुआनं
तोच चाकवत, तीच घोळ
रबरबँडनं जुड्या बांधून विकली,
अडीच डॉलरला एक.
नऊच्या आत टेबल रिकामं.
आमचा मुळा मात्र उन्हात माना टाकून बसलेला.
परतताना ट्रकमध्ये ड्युइट एक शब्द बोलला नाही.
तेव्हापासून शिव्या जरा हळू देतो.

मे सरता सरता एका रात्री दव गोठलं होतं.
मिरच्यांवर आम्ही घरात होतं नव्हतं ते पांघरलं:
चादरी, पडदे, आईचा नाताळचा टेबलक्लॉथ.
सकाळी शेत दिसत होतं
पाहुणे अजून उठायचेत अशा घरासारखं.
अकरा रोपं गेली. बाकीची
अजून माझ्यावर रुसल्यासारखी वाढतात.

मंगळवारी कोवाल्के बाई आल्या, प्रमाणपत्रवाल्या.
बियाण्यांच्या पावत्या पाहिल्या,
खताच्या ढिगात थर्मामीटर खुपसून आकडा लिहिला,
शेजाऱ्याच्या मक्यापासून आमच्या कुंपणापर्यंत
पावलं टाकत अंतर मोजलं.
तण कशानं मारता?
गुडघ्यांनी, मी म्हटलं.
त्यांनी ते लिहिलं नाही.

मग नकाशावर बोट ठेवून:
सातवा वाफा. इथं गाजर म्हणताय,
आणि तिथं तर पोटरीएवढं गवत?
मी काही सांगायच्या आत
टिटवीच पुढं झाली.
गळ्यात दोन काळे गोफ,
एक पंख फरफटत, मोडल्यासारखा,
ओरडत, लंगडत, पायांत घोटाळत.
अरेरे, लागलंय हिला, म्हणत बाई
फाइल छातीशी धरून मागं मागं गेल्या,
कांदे ओलांडून, वाटाण्याच्या जाळीला वळसा घालून
थेट कुंपणापर्यंत.
तिथं पंख बरा झाला.
पक्षी उडाला, बाई तिथंच.

मी त्यांना परत आणून दाखवलं:
लाल फीत बांधलेली काठी, तिच्या बुडाशी
चार खडे. खडे नव्हेत.
टोकं आत करून ठेवलेली,
एकाच पिझ्झ्याचे चार तुकडे असावेत तशी.
ट्रॅक्टर इथवर येऊन थांबला होता,
चाकाचा माग अजून आहे.

फॉर्मात "वाफा पडीक का" असा रकाना आहे.
पर्याय तीन: रोग, नुकसान, विसावा.
बाईंनी पेनाचं टोपण दातात धरून
बराच वेळ विचार केला,
मग तिन्ही खोडून बारीक अक्षरात लिहिलं:
पडीक नाही. वापरात आहे.

जाताना स्ट्रॉबेरी दिली तर घेईनात,
नियमात बसत नाही म्हणाल्या.
चार डॉलर मोजून दिले,
आणि गाडीत बसायच्या आधीच
उभ्या उभ्या पाच खाल्ल्या, देठांसकट.

आता आठ वाजलेत, ऊन अजून टेकडीवर.
जुन्या आंघोळीच्या टबात सॅलडची पानं धुतेय.
पानांवर पिसूभुंग्यांची भोकं,
चाळणीतून पाहावं तसं पलीकडचं दिसतं.
शनिवारी गिऱ्हाइकं गाजरं मागतील.
यंदा उशीर आहे, म्हणेन.
कोणी का विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तर नाही.

ड्युइटनं शेडच्या दारावर खडूनं
रोजची एक रेघ ओढायला घेतलीय.
पंचविसेक दिवस लागतात, कुठंतरी वाचलंय त्यानं.
आज चौदा झाल्या.
हात पुसायला दाराशी गेले तर
पंधरावीही हलकेच ओढून ठेवलेली,
उद्याची.