नुक्ता

बसथांब्यावर फलक लागायचाय.
ग्रामसेवक म्हणाले, गुरुजी, गावाचा इतिहास द्या,
आठ ओळींत बसवा,
वरच्या अर्ध्यात शुभेच्छुकांचे फोटो आहेत.

आठातल्या चार तर नावालाच लागतील.

मूळ गाव बिवळी.
बिवळ्याची झाडं होती म्हणे थेट ओढ्यापर्यंत;
आता एकच उरलाय, मारुतीच्या चौकटीत,
तेल पिऊन काळा.
निजामाच्या पैमाइशीत कुणी एक मुहर्रीर
हिवतापानं कुडकुडत तट्टावरून उतरला
आणि 'बे'च्या पोटाखालचा ठिपका
त्यानं डोक्यावर दिला.
'बे'चा झाला 'नून', बिवळीची निवळी.
दस्तगीर मुन्शींनी नक्कल वाचून दाखवली,
नखानं ठिपका खरवडून पाहिला.
"माशीनं केला असंल," म्हणाले,
"पण सरकारदरबारी माशीची सही पण चालती."

मग आम्ही नावाजोगं गाव केलं.
कुण्या ऋषीनं निवळीचं बी उगाळून
बारवेचं गढूळ पाणी निवळलं,
ही कथा मी स्वतः चौथीला तीस वर्षं शिकवली.
पाणी मचूळ आहे. डाळ शिजत नाही.
सोयरिकीला पाहुणे आले की
कळशी शेजारच्या गावाहून येते.

चावडीमागं गाढवाचा दगड.
इनाम मोडील त्याला शिवी कोरलीय,
कुठलं इनाम, कुणाला ठाऊक नाही,
म्हणून शिवी सगळ्यांनाच लागू.
कोंडाबाईनं तो पालथा घालून
त्याच्यावर जन्मभर गोधड्या आपटल्या.
अक्षरं मातीकडं तोंड करून
कोरडी राहिली.

अठ्ठेचाळीस साली काय झालं विचारा,
दोन्ही आळ्या सारख्याच खोकतात.
कळतं ते एवढंच,
मुन्शींच्या घराची किल्ली
तीन महिने कोंडाबाईच्या कनवटीला होती.
दस्तगीर तेव्हा पाच वर्षांचे, बापाच्या खांद्यावर परतले,
तर शेळी व्यालेली,
आणि कोनाड्यात दुधाचे पैसे,
हाली सिक्का, मोजून, फडक्यात.

हे फलकावर कुठं लिहू?
शुभेच्छुकांच्या कुठल्या मिशीखाली?

मन्मथअप्पांना साखर आहे.
माळेगावच्या जत्रेतून त्यांनी
बिवळ्याचा लाकडी पेला आणलाय.
रात्री पाणी घालून ठेवतात,
पहाटे ते निळसर होतं.
काल मला एक घोट दिला.
"कडू हाय का?"
हाय, म्हणालो.
"गावच हाय ते," म्हणाले, आणि
उरलेलं एका दमात पिऊन
गुडघे धरून उठले.

पेंटर सकाळपासून खोळंबलाय.
उधार रंग, वाळायला ऊन हवं.
पहिल्या अक्षराची जागा सोडून
त्यानं नुसतंच 'वळी' रंगवून टाकलंय
आणि चहाला गेलाय.