चव्वेचाळीस अंश

मिरजेच्या प्रशिक्षणात तीन दिवस शिकले:
मुलाला 'का' विचारायचं नाही.
शेजारी बसायचं, त्याच्या उंचीवर.
गप्प राहणं हेही काम आहे,
असं वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली.

सोमवारी तासगावात जुनैद मुलाणी आला.
उजवा हात खिशात.
खेळाच्या तासाला तो हात कुणी धरत नाही.
आई बेदाण्याच्या शेडवरून थेट आलेली,
बोटांना डिपिंग ऑइलचा वास.
मामानं घोड्याचा केस बांधून पाहिला,
तिनं चुना लावला.
"चामखिळी मोजू नका सिस्टर," म्हणाली, "वाढतात."

यंत्राचा लाल दिवा लागला.
चव्वेचाळीस अंश, अर्धा तास.
हात आता खिशाबाहेर, दिव्याखाली,
सगळ्यांना दिसेल असा.
जिभेवर आलेला 'का' मी गिळला.

बाराव्या मिनिटाला तो भिंतीशी बोलला,
"आमची कोंबडी बसलीय खुडूक.
पोटाखाली हात घातला की एवढंच लागतं."

याचं उत्तर वहीत नव्हतं.
"अंडी किती?" मी विचारलं.

"नऊ,"
म्हणाला,
मग एकदम आईकडे बघून
डाव्या हातानं तोंड दाबलं.