घसारा, वीस टक्के

दस्तगीर मिस्त्रीच्या पोराचा फोन आला सकाळी,
"अण्णा, काय करलालाव? जरा येऊन जावा की वो,
पुण्याचा माणूस आलाय गाडी बघायला
आणि चासीवरची पट्टी पार गंजलीय."

पाच दिवसांनी पाणी यायचा दिवस होता.
बायको म्हणाली, हंडे कोण भरणार?
मी पायात चपला अडकवल्या. आलोच, म्हणालो.

अडुसष्ट साली राजमणी मिलच्या धाकट्या शेठनं आणली ती.
लीड्सला सूत शिकायला गेला होता,
सूत जेमतेम शिकला, येताना ट्रायम्फ घेऊन आला.
दोनच दारं, लांब नाक, मागे उतरत गेलेलं छप्पर,
औषधाच्या बाटलीसारखा हिरवा रंग.
होटगी रोडला बैलगाड्या बाजूला व्हायच्या
आणि शेठ आत बसलेला, गुडघे हनुवटीला टेकवून.

मी विशीतला, हिशेब खात्यात नवा.
हेडक्लार्क बिराजदार म्हणाले, लिही चिलवेरी:
मोटार एक, जकातीसह बेचाळीस हजार.
घसारा दर साल वीस टक्के, उरलेल्या रकमेवर.

तेहतीस हजार सहाशे.
सव्वीस हजार आठशे ऐंशी.
एकवीस हजार पाचशे चार.

दर मार्चअखेर मी तिचा पाचवा हिस्सा कापायचो
आणि ती बाहेर लिंबाखाली चकाकत उभी,
जणू माझं अक्षर तिला लागत नव्हतं.

सामान यायचं बोटीनं, चार-चार महिने.
दस्तगीरला कुठला एवढा धीर?
मागाच्या चामडी पट्ट्यातून वॉशर कापून
त्यानं वॉटर पंपाला बसवला.
तो अजून गळत नाही.

पंच्याण्णवला भोंगा वाजायचा थांबला.
त्या दिवशी पुस्तकात तिची किंमत
एकशे एक रुपये पंचावन्न पैसे.
अहेराचं पाकीट, वर सुट्टे.
माझा आठ महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटी
त्याच पुस्तकात होती, देण्याच्या बाजूला.
देण्यावर घसारा लावत नाहीत.
ते नुसतं ठेवतात.

लिलावात ती भंगाराच्या लॉटमध्ये गेली,
दोन मोडके माग आणि एका वजनकाट्यासोबत.
तीसेक वर्षं दस्तगीरनं तिच्यावर चादर घातली,
आपली इथलीच, मोराची, जाड.
पोरगं दहावीपर्यंत पोत्यावर झोपलं.

शेडमध्ये पुण्याचा माणूस टॉर्च घेऊन वाकला होता.
इंजिनाचा नंबर दिसतोय, म्हणाला.
चासीचा कागदाशी जुळला तर अडतीस लाख,
नाहीतर अकरा.
खाटेवर दस्तगीर. त्याला आता दिसत नाही.
माझी चप्पल ऐकून म्हणाला, "आले का साहेब?"
साहेब मी कधीच नव्हतो.

मी डोळे मिटले आणि नंबर म्हटला.
दोन इंग्रजी अक्षरं, मग पाच आकडे,
सत्तावीस मार्च उतरवलेले;
मुलीच्या जन्मतारखेच्या आधी ते तोंडात येतात.
पोरानं रॉकेल लावून पट्टी घासली
आणि गंजाखालून एकेक आकडा
मी म्हटला तसाच वर आला.

कमाल आहे, म्हणाला माणूस.
रिक्षासाठी म्हणून पाचशेची नोट पुढे केली.
मी चालत आलो होतो.
नोट घेतली.

घरी हंडे भरून झाले होते.
कॅलेंडरच्या मागच्या बाजूला
मी राहिलेली वर्षं लावली, एकाखाली एक.
आजच्या तारखेला जेमतेम सोळा पैसे.
सोळा पैसे कुणी घेणार नाही, देणारही नाही,
पण बिराजदारांची रीतच अशी,
कितीही कापा, शून्य येत नाही.

"शिल्लक आहे अजून," मी मोठ्यानं म्हणालो.
"आहे ना," ती आतून म्हणाली,
"पिंप निम्मंच भरलंय.
नळ जायच्या आत बादली आणा."