दोनशे पन्नास, ठीक

कुताइसी. रिओनी नदीवरचा गारठा
खिडकीच्या फटीतून थेट मनगटांवर.
माल्खाझने यादी टाकली आहे: चार हजार दोनशे अकरा ओळी,
ऑस्ट्रियातल्या बेकऱ्या, पिठाच्या गिरण्या, खरेदी-अधिकारी.
आपले वजनकाटे त्यांना हवे आहेत
हे त्यांना अजून माहीत नाही.
सोमवारी पत्रं सुटतील.
त्याआधी कोण आहे नि कोण नाही, ते मी बघायचं.

आधी नुसत्या डोळ्यांनी:
दोन टिंबं चुकून शेजारी बसलेली,
कंपनीच्या नावातलं एक अक्षर गळालेलं,
शेवटी चिकटलेली एक रिकामी जागा,
चपलेखालच्या च्युइंगगमसारखी.

मग दारं.
एकेका सर्व्हरच्या दाराशी जायचं, आपलं नाव सांगायचं,
विचारायचं, हेल्मुट झाउनर इथेच राहतात का?
आतून आकडा येतो.
दोनशे पन्नास: हो, ठीक.
पाचशे पन्नास: असं कुणी नाही इथे.
कळलं की मागे फिरायचं. पत्र द्यायचंच नाही.
लहानपणी बेल वाजवून पळायचो,
आता त्याचाच पगार मिळतो.

काही सर्व्हर ताकास तूर लागू देत नाहीत.
म्हणतात, नंतर या.
पंधरा मिनिटांनी गेलं की, हो हो, राहतात ना.
आणि काही सगळ्यांनाच हो म्हणतात.
एका गिरणीला मी गंमत म्हणून विचारलं,
अक्रोडाचं झाड राहतं का इथे?
दोनशे पन्नास.
आणि झाडाखालची मांजर?
दोनशे पन्नास, ठीक.
अशांपुढे मी पिवळा रंग भरते.
ज्या दारातून कधी नाही ऐकलं नाही
तिथल्या होकाराचं करायचं काय?

माल्खाझ मागून विचारतो, त्सियाला, किती गळले?
शंभरातली दोन जरी परत आली
तरी आपल्या नावाची अब्रू जाते,
मग खरं पत्रसुद्धा न उघडता कचऱ्यात.
माहीत आहे, म्हणते.
त्याच्या खिशात कायम हेझलनट.
चार माझ्या टेबलावर ठेवून जातो.

दोन हजार नऊशे सहाव्या ओळीत मी होते.

त्सियाला गोगिबेरिद्झे, निर्यात विभाग,
पुढे लिंत्सच्या त्या यीस्ट-कंपनीचं नाव.
इथली शाखा सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी बंद झाली.
दुपारपर्यंत आम्ही कुंड्या घरी नेल्या,
माझं जरेनियम मार्केटच्या बसमध्ये उलटलं,
कंडक्टर माती गोळा करायला खाली वाकला होता.
ही यादी कुणी विकली, त्यानं कुणाची उचलली,
देव जाणे.

विचारलं.
राहते का ती इथे?
दोनशे पन्नास.

पुन्हा विचारलं. अक्रोडाचं झाड?
पाचशे पन्नास. नाही.
मांजर? नाही.
म्हणजे हे दार खोटं बोलणारं नव्हतं.
मीच तेवढी आहे तिथे.

धंद्यात एक सांगतात:
मेलेले पत्ते कधीकधी कुणीतरी मुद्दाम जागे ठेवतं,
न विचारता लिहिणारे सापडावेत म्हणून.
असेल तसंही.
किंवा कुणी बंद करायचं विसरलं,
आणि सहा वर्षं नाताळच्या शुभेच्छा,
पिठाचे भाव, सभेची आमंत्रणं
तिच्या नावानं येऊन पडताहेत,
ती बसली आहे, सरळ पाठीची, नीट कपड्यातली,
कुणालाच उत्तर देत नाही.

बोटं थांबली तिथे.
एक ओळ लिहिता आली असती.
जरेनियम जगलं, एवढंच.

लाल रंग भरला. शेऱ्यात लिहिलं: पाठवू नये.
संध्याकाळी माल्खाझनं यादी चाळली,
हिचा पत्ता का कट? उत्तर तर ठीक आलंय.
म्हटलं, ओळखते मी तिला.
त्यानं आडनाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं,
आणि खिशात हात घातला.
हेझलनट संपले होते.