डझन

टॅलाहासी. सुनावणीत प्रत्येकाला दोन मिनिटं.
ओडेसा प्रुइट माइक खाली ओढते,
तिच्या उंचीला तो कधीच कुणी लावत नाही.

"अंड्यांच्या कारखान्यात आहे मी, एकोणीस वर्षं.
अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं,
आत रक्ताचा ठिपका आहे का, बघायचं.
डझनातली आठ चांगली निघाली
म्हणून कुणी झाकण लावत नाही.

त्या खटल्यात मी ज्यूरीतली नऊ नंबरची.
जेवणाआधीच दहा हात वर होते.
माझा नव्हता. आणि त्या गॅरेजवाल्या लेमारचा.
कायद्याला सगळे बारा लागतात,
म्हणून थांबले बिचारे, घड्याळाकडे बघत, चिडत.
गार सँडविचेस आली.
त्या पोराच्या बहिणीचं पत्र पुन्हा वाचलं.
मेलेल्या बाईचे फोटो पुन्हा हातोहात फिरले.
लेमार उठून खिडकीशी गेला, परत आला.
बाहेर अंधारल्यावर
मीच हात वर केला.

हो, मृत्युदंडाला.
कुणी पिरगळला नाही माझा हात.
बरोबर केलं की चूक,
रोज भांडी घासताना विचारते.
पण हात माझा होता,
आणि त्यांचं त्यावाचून अडत होतं.

तुमच्या नव्या हिशेबात आठ पुरेत.
म्हणजे सँडविचेस यायच्या आत उरकलं असतं सगळं,
पत्र एकदाच वाचून,
आणि माझा हात..."

माइकवरचा दिवा लाल होतो.
अध्यक्ष अदबीने म्हणतात, वेळ संपली, मॅडम.

उचललेला हात
कुठे ठेवावा ते न कळून
ती पर्सच्या बंदावर ठेवते.
पुढचं नाव पुकारलं जातं.