अकरावी खूण

बुधवार, दुपारी एक. लीड्स.
तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत हीटर नको तितका तापलेला,
अंड्याची सँडविचं ताटात कडांनी वाळत चाललेली.
डॉ. ॲकरॉइड पडद्यावर आलेख लावतात:
लोकरीच्या गिरण्यांतले दोन हजार एकशे सहा कामगार,
बावीस वर्षांचा त्यांचा श्वास,
जिन्यासारखी उतरत जाणारी एक निळी रेषा.

एकेक पायरी म्हणजे एकेक मरण.
मधूनमधून रेषेवर बारीक उभ्या खुणा,
नखाच्या ओरखड्याएवढ्या.
ती गेलेली माणसं नव्हेत. ती फक्त
आपल्याला सापडेनाशी झाली.

"ही गळती यादृच्छिक आहे,
असं आपण धरून चालू."
खोली मान डोलावते. मीही.
धरून चालल्याशिवाय आमचं शास्त्र
एक पाऊल टाकत नाही.

पण डावीकडून अकरावी खूण मला ठाऊक आहे.

नॉर्मन हेपवर्थ. कीथली, चढावरचं शेवटून दुसरं घर.
मागांच्या खडखडाटानं कान गेलेले,
म्हणून दारावर चिठ्ठी: जोरात ठोका.
मी नळी तोंडाशी धरायचे,
फुंका, अजून, अजून, अजून, अजून,
आणि स्वैपाकघरातून एडना ओरडायची,
"केकवर मेणबत्त्या आहेत समज, नॉर्मन!"
तीन फुंकरी. त्यातली चांगली तेवढी
मी लिहून घ्यायचे. नियमच तसा.

पुढच्या खेपेला त्यानं नळी घेतली नाही.
आमचाच छापील फॉर्म पुढे सरकवला.
प्रश्न सातवा: घरात एकूण माणसं किती?
तिथे दोन. खोडलेला.
शेजारी पुन्हा दोन.
"हे जमलं की पाठवतो," म्हणाला,
आणि मला बिस्किटांचा डबा उघडता येईना
तेव्हा उघडून दिला.

मार्चात एक पत्र, मेमध्ये दुसरं,
मग ठरल्याप्रमाणे तिसरं.
मग मीच त्याच्या ओळीत नऊ टाकला.
नऊ म्हणजे, कारण माहीत नाही.

आमच्या विषयाला मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात,
हे इथे कुणाला सांगणार?
साथ येते आणि घरंच्या घरं रिकामी करते.
साथ असते, म्हणजे पलीकडच्या खोलीतून
कुणीतरी ओरडत असतं.
शब्द एकच. इतकी वर्षं
कधी अडखळले नव्हते त्यावर.

"प्रश्न?"
कुणी सिगारेटींचा हिशेब विचारतं,
कुणी अंदाजातली चूक किती ते.
माझाही हात वर गेलेला असतो:
"एकटं राहणं... ते धरलं होतं का तुम्ही?"
"चांगला मुद्दा," डॉ. ॲकरॉइड म्हणतात,
"सातव्या प्रश्नात होतं ते. पण त्यात
कोऱ्या जागा फार निघाल्या,
शेवटी वगळला."

टाळ्या. दोनला ही खोली भूगोलवाल्यांना हवी असते.
मी उरलेली सँडविचं कागदात गुंडाळते.
कीथलीची गाडी दोन चाळीसला.
अजून पाठ आहे मला.