नव्वदच्या पुढे

ओरेस्ट पावलुक इंजिन बंद करूनही
दोन्ही हात स्टीअरिंगवरच ठेवून बसला होता,
जनावर अजून बिथरेल म्हणून दावं धरून ठेवावं तसा.
"पंच्याण्णवला सुरू होतं," म्हणाला,
"शंभरला कवळी वाजते. एकशेदहाचं विचारू नकोस."

एकोणनव्वद सालची शेवरोले पिकअप, तपकिरी,
दारांच्या खालच्या कडा गंजाने कुरतडलेल्या,
मागच्या फटीत गेल्या हंगामातले चार गहू
उगवू की नको, अशा विचारात.
बाहेर एप्रिल. फोम लेकच्या रस्त्याकडेला
काळा पडलेला बर्फ, आणि चिखल, चिखल.

मी आधी विचारते. पाने-पक्कड नंतर.
ब्रेक दाबला की वाढतं?
नाही. मग डिस्कवर आळ नको.
बुडाखाली जाणवतं, की हातात?
त्याने तळवेच पुढे केले, जणू तिथे लिहिलेलं असावं.
हातात. म्हणजे पुढचं चाक.
मागचं असतं तर सीटने सांगितलं असतं.
कधीपासून?

इथे तो अडला.
"मंगळवारपासून. स्टेफ्काचं खुब्याचं हाड मोडलं,
सॅस्काटूनपर्यंत अँब्युलन्सच्या मागे होतो.
त्याआधी चौदा वर्षं
नव्वदच्या पुढे काटा गेलाच नाही बघ.
ती जाऊ देत नसे. पेट्रोल पिते म्हणायची."

जॅक लावला.
बारावर एक हात, सहावर एक, हलवून पाहिलं:
बॉल जॉइंट घट्ट.
तीन आणि नऊवर: टाय रॉड जरासा सैल,
या वयात तेवढं कुणाचंही असतं.
रिमच्या आतून टोपलीभर चिखल खरवडला.
अर्ध्या तालुक्याची थरथर मी नुसत्या खराट्याने बरी केली आहे.
हायवेवर नेऊन पाहिलं.
पंच्याण्णव.
खराटा हरला.

मग उजवं चाक हवेत गरागरा फिरवलं
आणि कडेजवळ खडू धरला, स्थिर, श्वास रोखून.
खडूने सगळं चाक सोडून दिलं
आणि एकाच जागी, प्रत्येक फेऱ्याला,
टक्
टक्
पांढरी रेघ ओढली.
आतली कड तिथे बसलेली होती,
ताटाचा काठ पडून बसतो तशी.
आणि समोरच्या बाजूला शिशाची वजनं, एकापुढे एक,
सहा, आणि सातव्याची नुसती रिकामी जागा, अजून स्वच्छ.
हे ठोके माझे नाहीत, मी दोन घावांत बसवते.
"तू हे विनयार्डला नेलं होतंस का?"
"मी? चाकाला हवासुद्धा तुझ्याकडेच भरतो."

तो वाकला. गुडघे वाजले.
अंगठ्याने वजनं मोजली, पुन्हा मोजली,
रिकाम्या जागेवर अंगठा ठेवला.
"रेल्वे क्रॉसिंग," म्हणाला, खूप वेळाने.
"बहिणीकडून येताना तिला उशीर झाला होता एकदा.
का, विचारलं तर म्हणाली, मालगाडी लांब होती.
जेवण वाढलं आणि झोपायला गेली.
दुसऱ्या दिवसापासून पेट्रोल महाग झालं."

मी काही बोलले नाही.
अशा वेळी नट पुसायला बरे असतात.

मागच्या भंगारातून त्याच मापाची रिम काढली,
टायर चढवला, तोलला, दोन घावांत.
शंभरला स्टीअरिंग झोपलेल्या मांजरासारखं.
ओरेस्टने एक हात काढून मांडीवर ठेवला,
मग त्या हाताचं काय करावं ते त्याला कळेना.
धान्याचा एलेव्हेटर मागे पडला
आणि कुणी न सांगता काटा
हळूहळू अठ्ठ्याऐंशीवर येऊन बसला.

"जुनी रिम टाकून देऊ?" परतल्यावर मी विचारलं.
"नको. मागे ठेव.
उद्या सॅस्काटूनला न्यायची आहे.
विचारायचंय तिला,
मालगाडी
नक्की किती डब्यांची होती."